बिशोफ्तू, नाझरेत आणि आपला जुम्मा तलाव

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात इथिओपियात होऊन राहिलेल्या मोठ्या एअरपोर्टवर अर्धं पान मजकूर होता. चांगला होता, पण त्यात गावाचं नाव वर बिशोफ्तू आणि खाली डेब्रे झेत असं छापलं गेलं, त्यामुळे आमच्या सकाळी फिरायच्या ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांना वाटलं की अदिस अबाबाजवळ दोन-दोन एअरपोर्ट होऊन राहिले. गाव एकच आहे साहेब. 2019 च्या मार्चमध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग पडलं, 157 माणसं गेली, ते याच बिशोफ्तूजवळ. आणि बाजूच्या चौकटीत "अदिस अबाबा म्हणजे नवीन फूल" एवढं सांगून तुम्ही मोकळे झालात. ते खरं आहे, पण अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त मजेदार आहे म्हणून हे पत्र. जागा असेल तेवढं छापा.

मी काही वर्षं त्या बाजूला अदामा नावाच्या शहरात युनिव्हर्सिटीत शिकवायला होतो. भारतीय मास्तर तिकडे नवीन नाहीत, सम्राट हैले सेलासीच्या काळात तिथल्या शाळांमधून आपले लोक शिकवायचे आणि अजूनही एखादा म्हातारा रस्त्यात थांबवून आपल्या जुन्या इंडियन टीचरबद्दल सांगत बसतो. अदिसवरून अदामाला जायचं तर मिनीबस. दारात लटकलेला पोरगा, त्याला तिकडे वयाला म्हणतात, "नाझरेत नाझरेत नाझरेत" असं एका दमात ओरडत असतो आणि सरकारी बोर्डावर गावाचं नाव असतं अदामा. तुम्ही म्हणाल आपला ऑटोवाला "बर्डी बर्डी" ओरडतो आणि कागदावर सीताबर्डी असतं, तसंच हे. तसं नाही ना! बर्डी हे सीताबर्डीचंच तुटलेलं रूप आहे. नाझरेत आणि अदामाचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

अदामा हे ओरोमो लोकांचं (इथिओपियातला सगळ्यात मोठा समाज) नाव, तिथल्या निवडुंगासारख्या काटेरी झाडावरून पडलेलं, म्हणजे आपल्या बाभुळगाव-पिंपळगावच्याच जातीचं. हैले सेलासीनं ते काढलं आणि येशूच्या गावाचं नाव ठेवलं. 2000 साली सरकारी कागदावर परत अदामा आलं, पण लोकांच्या तोंडातलं नाव काही जीआर काढून बदलत नाही. माझ्या एकाच वर्गातला एक पोरगा फॉर्मवर जन्मगाव नाझरेत लिहायचा, त्याच्या बाजूला बसणारा अदामा लिहायचा, आणि कोण काय लिहितो त्यावरून त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात ते बहुतेक वेळा कळायचं. मी परदेशी माणूस, मी आपला समोरचा जे म्हणेल ते म्हणायचो.

आता तुमचं बिशोफ्तू. ओरोमो भाषेत बिशान म्हणजे पाणी, आणि या गावाचं नाव त्यावरूनच आलं असं तिथले लोक सांगतात. न सांगितलं तरी चालतं, कारण गावात पाय ठेवला की पाणीच पाणी. मेलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साचलेले तलाव आहेत, काही तर इतके खोलगट की रस्त्यावरून दिसतच नाहीत, कठड्याशी जाऊन वाकलं की एकदम खाली हिरवंगार पाणी. त्यातल्या एकाचं नाव होरा. होरा म्हणजे खनिज असलेलं, खारट पाणी, जिथे गुरं मुद्दाम पाजायला आणतात ते. गुरांमागे फिरणाऱ्या लोकांनाच असल्या पाण्याला वेगळा शब्द लागतो. पावसाळा संपला की याच होराच्या काठावर इरेचा नावाचा सण होतो, आपल्या दसऱ्याच्या आगेमागेच येतो, लाखो ओरोमो पांढरे कपडे घालून येतात, हातात हिरवं गवत आणि त्या दिवसांत सगळीकडे फुललेली पिवळी फुलं, आणि ते गवत तलावात बुडवून पाणी अंगावर शिंपडतात, पाऊस झाला म्हणून देवाचे आभार. हे सगळं ज्या गावात होतं त्या गावाला 1955 मध्ये नाव दिलं डेब्रे झेत. डेब्रे म्हणजे डोंगर, मठालाही तेच म्हणतात, आणि झेत म्हणजे ऑलिव्ह. जेरुसलेमजवळचा ऑलिव्हचा डोंगर बायबलात आहे ना, तोच उचलून या तळ्यांच्या गावावर ठेवला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी परत बिशोफ्तू झालं.

एक-दोन गावांचीच गोष्ट असती तर पत्र लिहिलं नसतं. वोलिसोचं केलं गियोन, ती बायबलातली नदी. अम्बोचं केलं हागेरे हिवोत, जीवनाचा देश वगैरे, आणि गंमत बघा, अम्बो हे तिथल्या गॅसवाल्या पाण्याच्या झऱ्यांचं गाव, तेच पाणी 1930 पासून बाटलीत भरून विकतात, आणि आज हॉटेलात बसलं की वेटरला "एक अम्बो" एवढंच सांगायचं, बाकी सरकारी नाव कोणाला आठवतही नाही. पूर्वेकडे चिरो म्हणून गाव आहे, त्याला तर असेबे तफेरी हे नाव दिलं होतं, तफेरी म्हणजे स्वतः हैले सेलासीचं गादीवर बसण्याआधीचं नाव. आता तेही परत चिरो.

अदिस अबाबाची गोष्ट याच्या आधीची, 1886 ची. मेनेलिक तेव्हा शोआ प्रांताचा राजा होता, सम्राट व्हायला अजून तीन वर्षं होती, आणि त्याची राजधानी वर एन्तोतोच्या डोंगरावर, जिथे थंडी आणि वारा भयंकर. खाली मैदानात गरम पाण्याचे झरे होते, राजवाड्यातले लोक तिथे अंघोळीला उतरायचे. राणी तायतूला ती जागा आवडली, तिनं घर बांधायला लावलं आणि नाव ठेवलं अदिस अबाबा. अदिस म्हणजे नवीन, अबेबा म्हणजे फूल, अम्हारिकमधून, म्हणजे अम्हारा लोकांच्या, राजदरबारच्या भाषेतून. पण जागा काही बिननावाची पडलेली नव्हती. तिथे ओरोमो राहायचे आणि त्या जागेला फिनफिने म्हणायचे, ते नावच मुळी त्या गरम झऱ्यांचं. झरे अजून आहेत, आंघोळीची जागा आहे, तिला अम्हारिकमध्ये फिलवोहा म्हणतात, वोहा म्हणजे पाणी. राणीला दिसलं फूल, तिथल्या माणसाला दिसलं होतं पाणी. ओरोमो लोक आजही फिनफिनेच लिहितात, आणि हा नुसता हट्ट नाही. 2007 च्या जनगणनेत ओरोमो 34 टक्क्यांच्या वर होते, अम्हारा 27 च्या आसपास, आणि तरी देशाच्या राजधानीवर नाव दुसऱ्या भाषेतलं. 2014 पासून अदिसच्या मास्टर प्लॅनवरून म्हणजे शहर आजूबाजूच्या ओरोमो शेतकऱ्यांच्या जमिनीवर पसरणार यावरून जो भडका उडाला त्यात शेकडो लोकांचा जीव गेला, 2016 च्या जानेवारीत तो प्लॅन मागे घ्यावा लागला. त्या मोर्च्यांमध्ये पोरं फिनफिने म्हणायची तेव्हा त्यात जमिनीचा सातबारा पण होता असं समजा.

आता कोणी म्हणेल हे अम्हारिक विरुद्ध ओरोमो भांडण आहे. मला तसं वाटत नाही. अम्हारिक भाषेतही साधी, डोळ्यांनी पाहून दिलेली नावं भरपूर आहेत. अर्बा मिंच म्हणजे चाळीस झरे. ताना सरोवराच्या काठावरचं बहिर दार म्हणजे समुद्राचा काठ, एवढं मोठं पाणी पाहिल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार. तिथून जवळच निळ्या नाईलचा धबधबा, त्या जागेचं नाव तिस अबाय, तिस म्हणजे धूर आणि अबाय ही नदी. एवढंच कशाला, ऑस्ट्रेलियातून आणलेल्या निलगिरीच्या झाडाला अम्हारिकमध्ये बहिर झाफ म्हणतात, समुद्रापलीकडून आलेलं झाड. आणि राजवाड्यानं अम्हारा गावांची नावंसुद्धा सोडली नाहीत बरं का, डेब्रे मार्कोसचं आधीचं नाव मेंकोरेर होतं, आणि दगडात कोरलेल्या 11 चर्चसाठी जे लालिबेला जगभर माहीत आहे, ज्याला बघून आपल्याला वेरूळ आठवल्याशिवाय राहत नाही, ते आधी रोहा होतं, राजाच्या नावावरून लालिबेला झालं. म्हणजे भांडण भाषेचं कमी आणि नाव देणारा कुठे उभा आहे याचं जास्त. गुरं पाजायला आलेला माणूस पाणी, झाड, डोंगर बघून नाव देतो. ओरोमोत तुल्लू म्हणजे डोंगर, दिम्तू म्हणजे लाल, म्हणून 4,377 मीटरच्या शिखराचं नाव तुल्लू दिम्तू, झालं. सिंहासनावर बसलेला माणूस बायबल नाहीतर स्वतःकडे बघून नाव देतो.

इटालियन लोक पाचच वर्षं होते, 1936 ते 41, पण तेही अदिसमध्ये पियासा (चौक) आणि मेर्कातो (बाजार) ही नावं सोडून गेले. कझांचिस नावाचा भाग आहे, मला वाटायचं काही जुनं ओरोमो नाव असेल, तर ते निघालं इटालियन सरकारी नोकरांच्या क्वार्टर बांधणाऱ्या खात्याच्या नावाचं शॉर्टफॉर्म! आणि एका भागाचं तर पूर्ण नाव निफास सिल्क लाफ्तो. निफास म्हणजे वारा, सिल्क म्हणजे टेलिफोन, हे अम्हारिक, आणि लाफ्तो म्हणजे ओरोमोत बाभळीच्या जातीचं झाड. सरकारनं दोन्ही नावं जोडून टाकली, भांडण नको.

नागपूरकरांना याचं काय, असं तुम्ही विचाराल. मलिक अंबर आठवा. हबशी म्हणतो आपण त्याला, तो हबश म्हणजे इथिओपियाच, तिथून गुलाम म्हणून विकत विकत दख्खनपर्यंत आलेला माणूस. त्यानं 1610 मध्ये खडकी नावाच्या गावात शहर वसवलं. त्याच्या पोरानं त्याचं फतेहनगर केलं, 1653 मध्ये औरंगजेबानं औरंगाबाद केलं, आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. या शेवटच्या नावाबद्दल माझी काही तक्रार नाही, ते व्हायलाच पाहिजे होतं असं मानणाऱ्यांपैकी मी आहे, पण पहिलं खडकी हे नाव, जमीन खडकाळ आहे एवढंच सांगणारं, ते किती पोरांना माहीत आहे विचारून बघा.

आणि आपलं शहर तर अशा नावांनी भरलेलं आहे. नाग नदीवरून नागपूर. गोंड राजा बख्त बुलंद शाहानं 1702 च्या सुमारास बारा पाडे जोडून हे वसवलं, राजापूर बारसा म्हणायचे त्या पाड्यांना, ते बारा पाडे आज कोणत्या कॉलनीखाली आहेत कोणी सांगेल का? इतवारी, बुधवारी, मंगळवारी हे सगळे बाजाराचे वार. अंबाझरी आंब्यावरून. सीताबर्डीबद्दल शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन भावांची गोष्ट सांगतात. जरीपटका तर नावातच भोसल्यांचं निशाण घेऊन बसला आहे. गडचिरोलीकडे गेलं की गावांची नावं मराठीत अर्थच देत नाहीत, कारण ती गोंडी आहेत, गोंडीत नार म्हणजे गाव, मेट्टा म्हणजे डोंगर, आणि आपण ती नावं मराठीत बसवायला जातो आणि काहीतरी भलतंच करून ठेवतो.

एक सावधगिरी मात्र पाहिजे. अम्हारिकमध्ये अम्बा म्हणजे वरून सपाट असलेला डोंगर, किल्ल्यासारखा, अम्बा अलागी वगैरे. हे मी आमच्या ग्रुपवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी एकानं अमरावतीच्या अंबादेवीचा इथिओपियाशी प्राचीन संबंध जोडून फॉरवर्ड तयार केला, वर माझंच नाव टाकून. असं करू नका ना भाऊ. आवाज जुळला म्हणून अर्थ जुळत नाही, बहिर दारमधला दार म्हणजे काही आपलं दार नाही.

तर विनंती अशी आहे की तिकडच्या बातम्यांत बिशोफ्तू आणि अदामा छापा, पाहिजे तर "पूर्वीचं डेब्रे झेत" असं एकदा लिहा, पण दोन्ही नावं अशी भिरभिरत ठेवू नका. आणि दुसरं, रविवारच्या पानावर नागपूरच्या मोहल्ल्यांच्या नावांचं एखादं छोटं सदर सुरू करा. महाल, इतवारीतली जुनी माणसं अजून आहेत, त्यांना विचारा, गोंडी जाणणाऱ्या एखाद्या माणसाला सोबत घ्या, आणि एका नावाच्या दोन-तीन गोष्टी सांगत असतील तर तिन्ही छापा, लगेच एक खरी ठरवायची घाई नको. चौकांना नवीन नावं देणं चालूच राहणार, त्याला कोण अडवणार, पण आधीचं नाव निदान तुमच्या पेपरच्या फाइलीत तरी राहील. पहिल्या वेळी शुक्रवारी तलाव घ्या. त्याला जुम्मा तलाव म्हणतात, शुक्रवारी म्हणतात आणि गांधीसागरही म्हणतात, आणि ऑटोवाल्याला तिन्ही समजतात.

आपला,
एक जुना वाचक, प्रतापनगर, नागपूर