‘नसेल परवडत तर पाहू नका’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका सद्गृहस्थांचे पत्र आले होते. ॲड ब्लॉकर (जाहिराती अडवणारा प्रोग्राम) लावून ऑनलाइन व्हिडिओ पाहणे म्हणजे दुकानातला माल उचलून पैसे न देता निघून जाणे. परवडत असेल तर वर्गणी भरा, नसेल परवडत तर पाहू नका, असा त्यांचा मुद्दा होता. पत्र कळकळीने लिहिलेले होते आणि त्यातले निम्मे मला पटलेही. पण ते शेवटचे वाक्य तीन दिवस डोक्यातून गेले नाही, म्हणून लिहायला बसले.

मी मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर, २३ वर्षे शिवणवर्ग चालवते. माडीवर दोन खोल्या, सात मशिनी, कटिंगसाठी एक मोठे टेबल आणि भिंतीवर टीव्ही. पाचगाव, कळंबा, उचगाव, वाशी इथून केएमटीने मुली येतात. पूर्वी मी फळ्यावर ड्राफ्टिंग काढून शिकवायची. आता नवा गळा, नवी बाही आधी मोबाइलवर येते आणि मुली विचारतात, ‘मॅडम, हे कसं करायचं?’ मलाही कित्येक गोष्टी व्हिडिओ पाहूनच शिकाव्या लागल्या. प्रिन्सेस कट मी वयाच्या पन्नाशीत असाच शिकले.

पाच वर्षांपूर्वी मुलाने त्याचा जुना लॅपटॉप क्लासच्या टीव्हीला जोडून दिला आणि त्यात ॲड ब्लॉकर टाकला. मला तेव्हा त्यात चूक काहीच वाटली नाही. कटोरी ब्लाउज आखताना छातीच्या मापाचा चौथा भाग काढायचा, त्यात किती मिळवायचे, हे ऐकत बारा मुली हातात खडू घेऊन उभ्या असतात, आणि नेमके त्याच वेळी मध्येच कुठल्यातरी साबणाचे गाणे सुरू होते. आकडा निसटतो, आणि कापडावर खडूऐवजी कात्री असली तर कापड जाते. त्या जाहिराती थांबल्या, याचा आम्हाला आनंदच झाला. पुढे २०२३ मध्ये यूट्यूबने ॲड ब्लॉकर बंद करा, नाहीतर तीन व्हिडिओंनंतर प्लेअर थांबेल, अशा पाट्या दाखवायला सुरुवात केली. मग क्रोम ब्राउझरने एक्स्टेन्शनचे, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचे, नियम बदलले आणि आमचा ब्लॉकर त्यात चालेनासा झाला. मुलाने फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर टाकून दिला. आमचे चालू राहिले.

माझे मत बदलले ते एका मुलीमुळे. ती माझी जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन भुदरगड तालुक्यात गेली. घरी मशीन होती. दुपारच्या वेळात तिने शिवणकामाचे मराठी व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. एक दिवस पेढे घेऊन क्लासवर आली. म्हणाली, ‘मॅडम, पहिले पैसे आले बघा. लई वाट बघायला लावली.’

ती वाट कशी असते, हे तिने मला टेबलावर बसून सांगितले. चॅनेलला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे, एवढे झाल्याशिवाय जाहिरातीचा पैसा सुरू होत नाही. (शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचे, गणित वेगळे आहे.) मग पत्ता पडताळण्यासाठी टपालाने पिन नंबर येतो. तो लिफाफा गावात पोस्टमन घेऊन आला तेव्हा सासऱ्यांना वाटले, कोर्टाचा कागद आला. त्यानंतर १०० डॉलर साठेपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत. तिला या सगळ्याला अडीच वर्षे लागली. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनेलवाल्याला मिळतो. जाहिरात दिसलीच नाही, तर वाटा कशाचा काढायचा? आमच्या क्लासमध्ये तिचे जवळजवळ सगळे व्हिडिओ लागले होते, कौतुकाने, बारा-बारा मुलींसमोर. आणि त्यातून तिच्या खात्यात एक पैसाही गेला नव्हता. ती हे बोलली नाही, तिला ठाऊकही नव्हते. पेढा हातात धरून मला मात्र ते जड गेले.

त्याच आठवड्यात मी यूट्यूबची वर्गणी (यूट्यूब प्रीमियम) भरली. वर्गणीदाराला जाहिरात दिसत नाही, पण त्याने जेवढा वेळ जे व्हिडिओ पाहिले, त्या प्रमाणात त्याच्या वर्गणीतला वाटा त्या चॅनेलना जातो. म्हणजे आता क्लासच्या टीव्हीवर तिचा व्हिडिओ लागला की तिला काहीतरी मिळते. १४९ रुपये महिना. साधा, बिनअस्तरचा ब्लाउज मी १५० रुपयांत शिवते, तेव्हा महिन्याचा एक ब्लाउज तिकडे जातो. मला तो परवडतो.

इथवर मी त्या पत्रलेखकांच्या बाजूची आहे. पण दुकानातल्या मालाची त्यांची तुलना मला पटत नाही, आणि त्याचे कारणही त्याच मुलीच्या गोष्टीत आहे. २०२१ पासूनच्या अटींप्रमाणे, जे चॅनेल अजून कमाईच्या कार्यक्रमात बसलेले नाही त्याच्या व्हिडिओवरही यूट्यूब जाहिराती दाखवू शकते, आणि त्यातले काही चॅनेलवाल्याला द्यायला ते बांधील नाही. तिच्या त्या अडीच वर्षांत कुणी तिच्या व्हिडिओवर एखादी जाहिरात प्रामाणिकपणे पूर्ण पाहिली असेल, तर ते पैसे तिला मिळालेले नाहीत. मग तो माल कुणाचा होता आणि पैसे कुणाचे बुडाले, हे दुकानाच्या हिशेबाने सांगता येत नाही.

आता मूळ गोष्ट. ॲड ब्लॉकर की वर्गणी हा वाद ज्यांच्यात चालतो, त्या दोघांकडेही काहीतरी असते. एकाकडे लॅपटॉप असतो, दुसऱ्याकडे महिन्याला सुटे दीडशे रुपये. माझ्या क्लासमधल्या बऱ्याच मुलींकडे दोन्ही नाही. त्यांच्याकडे मोबाइल आहे, तोही कधी स्वतःचा, कधी भावाचा, संध्याकाळी सातनंतर मिळणारा. मोबाइलच्या यूट्यूब ॲपमध्ये ब्राउझरचा ॲड ब्लॉकर चालत नाही. काही जण कुठून तरी बदललेली ॲप आणून टाकतात. ती मी मुलींना टाकू देत नाही, कारण कुणी बनवले ते माहीत नसलेल्या ॲपमध्ये स्वतःचे गुगल खाते उघडणे म्हणजे घराची किल्ली रस्त्यावर ठेवण्यासारखे आहे. तेव्हा उरते काय? जाहिरात पाहणे.

ही जाहिरात फुकट नसते. तीही व्हिडिओच असते आणि तिचा डेटा त्याच मुलीच्या पॅकमधून जातो. मागच्या महिन्यात आम्ही एकदा मुद्दाम घड्याळ लावून पाहिले. एका मुलीच्या मोबाइलवर अनारकलीच्या कटिंगचा २२ मिनिटांचा व्हिडिओ लावला. सात जाहिराती आल्या. त्यातल्या तीन पुढे ढकलताच येत नव्हत्या. सगळ्या मिळून तीन मिनिटांहून जास्त वेळ गेला. दिवसाला दीड जीबी, त्यात भावाचे गेम, वडिलांच्या बातम्या, आणि त्यातून उरलेल्यात हिचे शिकणे. ॲड ब्लॉकरवाला काहीच देत नाही, वर्गणीवाला पैसे देतो, आणि ही मुलगी वेळही देते, डेटाही देते. सगळ्यात पूर्ण किंमत तीच मोजते आहे. तिला ‘पाहू नका’ म्हणायचे?

वर्गणीच्या योजना बघा. मार्च २०१९ मध्ये भारतात यूट्यूब प्रीमियम आले तेव्हा महिन्याला १२९ रुपये होते, ऑगस्ट २०२४ मध्ये १४९ झाले. त्याच वेळी कुटुंबाची योजना १८९ वरून एकदम २९९ वर गेली. विद्यार्थ्यांना ८९ रुपयांत मिळते, पण त्यासाठी मान्यताप्राप्त उच्च शिक्षण संस्थेत प्रवेश असल्याची पडताळणी होते. सागरमाळावर शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाला ती सवलत मिळेल. दहावीनंतर शाळा सुटली म्हणून शिवण शिकायला आलेल्या पाचगावच्या मुलीला मिळणार नाही, आणि खरी गरज तिला आहे. कुटुंबाची योजना एका घरात राहणाऱ्यांसाठी असते, क्लास त्यात बसत नाही. २०२५ मध्ये ८९ रुपयांची लाइट योजना आली, ही चांगली गोष्ट झाली. गाणी आणि शॉर्ट्सवर त्यात जाहिराती राहतात, तरी शिकण्याच्या व्हिडिओंना ती पुरते. पण ज्या घरात बँक खाते फक्त वडिलांचे, तिथे ८९ रुपयेसुद्धा मागून घ्यावे लागतात.

आणि वर्गणी भरली म्हणजे प्रश्न कायमचा सुटला, असेही नाही. जून २०२५ पासून ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर वर्गणीदारांनाही जाहिराती दिसू लागल्या. त्या नको असतील तर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये वेगळे.

एक प्रसंग सांगते. कोणत्या मंचावरचा, ते लिहीत नाही. आमच्या एका मुलीच्या आईने व्हिडिओच्या मधली एक जाहिरात पाहिली: घरबसल्या शिवणकाम, कापड आम्ही पुरवू, शिवून द्या, पैसे घ्या. नोंदणीचे ८०० आणि नंतर ‘मशीनच्या डिपॉझिट’चे २,५०० रुपये तिने भरले. कापड आले नाही, फोन बंद झाला. जाहिरातीत एका बाईचा हसरा चेहरा आणि खाली शासनाच्या योजनेसारखे दिसणारे चिन्ह होते, म्हणून तिने विश्वास ठेवला. जाहिरात पाहणे हे प्रेक्षकाचे कर्तव्य असेल, तर ती कुणाची आहे हे तपासून दाखवणे हे दाखवणाऱ्याचे कर्तव्य नाही का? वृत्तपत्रात अशी जाहिरात आली असती तर मी आपल्या कार्यालयात येऊन जाब विचारू शकले असते. तिथे कुणाकडे जायचे? टीव्हीच्या चॅनेलना निदान नियमात तासाला १२ मिनिटांची मर्यादा लिहिलेली आहे. इंटरनेटवरच्या व्हिडिओला तीही नाही. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने डिसेंबर २०२२ मध्ये बनावट जाहिरातींपासून वाचण्यासाठी इंटरनेटवर शोध घेताना ॲड ब्लॉकर वापरा, असा सल्ला लोकांना दिला होता. पोलिसांनी ज्याची शिफारस केली, ते वापरणाऱ्याला सरसकट चोर म्हणणे मला बरोबर वाटत नाही.

म्हणून मी माझ्यापुरते असे ठरवले आहे. क्लासच्या टीव्हीवर वर्गणी चालू ठेवली. हिशेबाच्या लॅपटॉपवर, जिथे बाकीची संकेतस्थळे उघडतात, तिथे ब्लॉकर काढलेला नाही आणि काढणारही नाही. मुलींना मी दोन गोष्टी शिकवते: व्हिडिओच्या मधल्या जाहिरातीतून कधीही पैसे भरायचे नाहीत, आणि फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे नंबर पाठ असले पाहिजेत. हे नंबर आता आमच्या टेपच्या डब्यावर लिहिले आहेत.

व्हिडिओ मंच चालवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. शिवणवर्ग, तालमी, गावातली ग्रंथालये, आयटीआय नसलेले छोटे प्रशिक्षण वर्ग यांच्यासाठी एक सामूहिक वर्गणी ठेवा. आमची नोंदणी, पत्ता, मुलींची हजेरी, हवे ते तपासा. शिकवण्याच्या व्हिडिओत कात्री चालत असताना मध्येच जाहिरात घालू नका, आधी किंवा शेवटी दाखवा. आमच्या भुदरगडच्या मुलीने सांगितले की आठ मिनिटांच्या वर गेलेल्या व्हिडिओत मध्ये जाहिरात घालता येते, आणि ती कुठे यावी हे चॅनेलवालाही ठरवू शकतो. तिने आता तिच्या व्हिडिओत माप सांगून झाल्यावर, कापड उलटवण्याच्या वेळी ती जागा ठेवली आहे.

आणि त्या पत्रलेखकांना विनंती, की सोमवार ते शुक्रवार दुपारी दोन ते पाच क्लास चालू असतो. एकदा यावे. या मुली व्हिडिओ कशा पाहतात, ते शेजारी बसून पाहावे, मग पुन्हा पत्र लिहावे. मी ते मनापासून वाचेन.

आपली,
शिवणवर्ग चालवणारी एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर