आधी कडा सावरा, सभामंडप नंतर

महोदय,

पाटण तालुक्यातील आमच्या गावचा भैरोबा सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठाराच्या, अगदी टोकाला, सरळ तुटलेल्या कड्यावर आहे. पूर्वी यात्रेत पालखी देवळामागून सहज वळत असे. आता तिथे एकट्या माणसालाही जाऊ देत नाहीत, कारण दीपमाळेपलीकडची जमीन दर पावसाळ्यात थोडी थोडी तुटत गेली आणि उरलेल्या जागेत लांब भेग पडली आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आमच्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडींनी माणसे गिळली, तेव्हापासून ही भेग रुंदावतच आहे.

सड्यावरचा जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपत खालच्या मऊ मातीच्या थरापर्यंत पोहोचते, तो थर भिजून सरकू लागला की वरच्या जांभ्याचा आधार सुटतो आणि मोठे खडक उभेच्या उभे निखळतात. त्यातच आम्ही गावकऱ्यांनी भक्तिभावाने देवळाभोवती केलेल्या सिमेंटच्या कोब्यामुळे सगळे पाणी कड्याकडेच धावते, ही आमची चूक मान्य केली पाहिजे.

संरक्षक भिंतीचे अंदाजपत्रक दोनदा झाले. पहिले मंजुरीच्या वाटेवर असतानाच बांधकामाच्या दरांची सरकारी दरसूची बदलली, दुसरे तांत्रिक मान्यतेसाठी पडून आहे. निधी मार्चअखेरीस हाती आला, तरी मृगापूर्वी जेमतेम दोन महिने उरतात आणि तेवढ्यात कड्यावर भिंत उभी राहत नाही. मधल्या काळात सभामंडप आणि पेव्हर ब्लॉकसाठी मात्र पैसे मिळाले, ही गोष्ट मनाला लागते. देव खाली गावात आणावा, असेही काही जण सुचवतात. ज्या कड्यावरून तो साऱ्या खोऱ्याची राखण करतो, असे आमचे वाडवडील मानत आले, तिथून तो हलवणे आम्हाला मान्य नाही.

म्हणून विनंती अशी की, भिंतीची वाट न पाहता पाणी वळवण्याचे काम अंदाजपत्रकातून वेगळे काढावे. भेग बुजवून देवळाच्या वरच्या अंगाला चर काढला, तर निदान यंदाची झीज कमी होईल. चर खोदण्यासाठी श्रमदानाची तयारी गावकीने आणि मुंबईकर मंडळींनी लेखी कळवली आहे; तो कोणत्या रेषेने न्यायचा हे जागेवर येऊन आखून देणारा अभियंता तेवढा मे महिन्याच्या आत पाठवावा.

– एक ग्रामस्थ, ता. पाटण, जि. सातारा