परड्यात फरशी घालताय? भिंतीकडची दोन फूट तरी सोडा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या सांगलीच्या गावभागात सध्या जिकडं बघावं तिकडं मागच्या परड्यात फरशी नाहीतर पेव्हर ब्लॉक घालायचं काम चालू आहे. आमच्या बोळातच या उन्हाळ्यात तीन घरी झालं, आणि परवा शेजारच्या वहिनी विचारायला आल्या की तुमच्या मिस्त्रीनं फुटाला किती घेतले, तेव्हा म्हटलं आता पेपरला लिहूनच टाकावं. आमचं परडं म्हणजे नऊ बाय तेरा फूट. त्यात धुण्याचा दगड, वॉशिंग मशीन, दोन सायकली, लेकीची स्कूटी, आणि मार्च-एप्रिलला कुरडया-सांडग्यांचं वाळवण. त्यामुळं "जागाच नाही हो" हे रडगाणं मीपण बरीच वर्षं गायलंय.

फरशी आम्हीपण घातलेली. 2019 च्या ऑगस्टमधला पूर ओसरला तेव्हा परड्यात घोट्याच्या वर काळा गाळ होता, आठ दिवस खराटा आणि घमेलं घेऊन आम्ही तेच करत होतो. आमचे हे म्हणाले बास झाली माती, सरळ शहाबादी टाकू, पाईप मारला की स्वच्छ. टाकली. भिंतीपासून भिंतीपर्यंत, बोटभर माती ठेवली नाही. आणि 2021 च्या जुलैला परत पाणी आलं. वरचा गाळ पाईपनं गेला, खरं आहे, पण फटीतनं खाली गेलेला काही निघेना, आणि आपली काळी माती पाणी पिऊन फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं, फरशी घालताना मात्र आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही. चार फरश्या वर आल्या, दोन खचल्या, एकीला सासूबाई ठेचकाळल्या. वर मे महिन्यात ती फरशी अशी तापायची की दिवेलागणीलासुद्धा अनवाणी जायची सोय नाही आणि मागच्या खोलीत फॅन गरम हवाच मारणार.

2022 ला गवंडी बोलावला आणि मागच्या भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी तेवढी उखडून घेतली. बाकीची फरशी आहे तशीच आहे, वाळवण काय मातीत घालू?

आता खरी गंमत उन्हाची. आमचं घर दक्षिणमुखी, म्हणजे परडं उत्तरेला. पहिल्या वर्षी मी हौसेनं दिवाळीनंतर मेथी नि टोमॅटो लावले आणि टोमॅटोची रोपं नुसती लांबडी होऊन आडवी पडली, फळ एक नाही. मग लेकीनं खडू घेतला आणि सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला ऊन कुठवर येतंय त्याच्या रेघा फरशीवर मारल्या, तर डिसेंबरात दुपारी सगळं परडं घराच्याच सावलीत! आपल्याकडं मे च्या पहिल्या पंधरवड्यात तो शून्य सावलीचा दिवस असतो ना, सूर्य बरोबर डोक्यावर, त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडनं जातो, म्हणून उत्तरेच्या परड्याला तेव्हाच काय ते भरपूर ऊन, आणि थंडीत सूर्य दक्षिणेला गेला की ठणठणाट. दक्षिणेला परडं असेल त्यांचं उलटं, त्यांनी थंडीत खुशाल मेथी-कोथिंबीर करावी. नर्सरीवाला हे सांगत नाही, त्याला रोप खपवायचं असतं. तेव्हा आधी चार आण्याचा खडू, मग रोपं.

आमच्या पट्टीत म्हणून अळू, पुदिना आणि हळद. अळू धुण्याच्या दगडाशेजारी, पण साबणाचं पाणी नाही, शेवटच्या खळबळण्याचं आणि भाजी-तांदूळ धुतलेलं तेवढं. हळदीला अर्धी सावली चालते हे मला सांगलीत जन्म काढून माहीत नव्हतं बघा, आणि म्हणे आपल्या हळदीला 2018 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं! अक्षय तृतीयेला जेठे गड्डे लावले, गणपतीपर्यंत पानं हातभर झाली (मोदक उकडताना चाळणीत तीच घातली, काय वास सुटतो!) आणि फेब्रुवारीत काढली. अडीच किलो ओली निघाली, शिजवून वाळवून दळून आणली तर अर्धा किलो. आमच्या ह्यांनी हिशोब केला की विकत स्वस्त पडली असती. असू दे.

बाकी सगळं क्रेटमध्ये. तासगावकडं द्राक्षाचा सीझन संपला की जुने प्लॅस्टिक क्रेट स्वस्तात मिळतात, आत पोतं अंथरायचं नि भरायचं. नुसती काळी माती भरली तर वीट होते, म्हणून निम्मं शेणखत आणि शिराळ्याकडनं आणलेलं भाताचं तूस. तळाला रसवंतीवरची चिपाडं टाकावी म्हणून पहिल्यांदा ओलीच आणून टाकली आणि मुंग्यांची अशी रांग लागली की पार स्वयंपाकघरात, तेव्हा आधी आठवडाभर कडकडीत वाळवा. कुंडीच्या जागी क्रेट का, तर उचलता येतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका, पावसाळ्यात आम्ही सगळेच मोबाईलमध्ये तेच बघत बसलेलो असतो, तर 35 च्या पुढं गेलं की आमच्यात अकरा क्रेट जिन्यानं गच्चीवर जातात. कंबर मोडते पण मिरच्या वाचतात. आणि क्रेटखाली, कुंडीखाली ताटली ठेवूच नका, साठलेल्या पाण्यात आठवड्याभरात डेंग्यूचे डास तयार होतात, मनपाची ताई घरोघरी सांगून दमली.

एक फजिती राहिलीच. दीरांनी द्राक्षाची काडी आणून दिलेली, मांडव करू म्हणाले. मांडव झाला, सावली झाली, द्राक्ष काही नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळ छाटणी, वर भुरी आणि डाऊनी या रोगांसाठी फवारणी, आणि ती फवारणी माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर? नको म्हटलं. आता त्याच मांडवावर दोडका आणि घेवडा सोडलाय आणि त्याखाली स्कूटी लावतो. सीट तापत नाही म्हणून लेक खूश.

तर ज्यांचं काम अजून व्हायचंय त्यांनी मिस्त्रीला आधीच सांगून भिंतीकडची दोन फूट सोडून घ्या, नंतर उखडायला गवंड्याची मजुरी वेगळी जाते, आम्ही दोन्ही भरलीय. शेजारच्या वहिनींनी घासाघीस करून दीड फूट सोडलीय. अळूचे कांदे त्यांच्यासाठी काढून ठेवलेत, ब्लॉकवाला गेला की नेतील.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली