वरचे अन्न सुरू झाले. ते किती दाट आहे, हे कोण विचारणार?

प्रति,
माननीय महिला व बालविकास मंत्री,

सविनय नमस्कार.

सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाच्या जोडीने वरचे अन्न सुरू करावे, हे ज्या ज्या आयांशी माझे बोलणे होते त्या सर्वांना पाठ आहे. अडते ते त्याच्या पुढे.

माझ्या मुलीच्या नवव्या महिन्याच्या लसीकरणाला मला एकच प्रश्न विचारला गेला, “वरचं सुरू केलंत ना?” मी हो म्हटले आणि रकान्यात खूण झाली. मी भरवत होते ते इतके पातळ होते की चमचा जरा कलता केला की घरंगळून जाई. मुलगी वाटी संपवायची, तासाभरात पुन्हा रडायची, आणि मी तिला हट्टी ठरवून मोकळी झाले होते. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० ग्रॅम अन्न मावते, आणि सहा ते आठ महिन्यांत दुधाखेरीज रोज साधारण २००, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५० किलोकॅलरी वरच्या अन्नातून मिळाव्या लागतात, हा हिशेब मला कोणी मांडून दाखवला असता, तर पाण्याने पोट भरते पण बाळ पोसत नाही, हे मला तेव्हाच उमगले असते. लोहाचेही तसेच: जन्मतः मिळालेला साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरू लागतो आणि आईच्या दुधात लोह थोडेच असते.

याउलट, घास जिभेने बाहेर आला म्हणजे बाळाला तो नकोच असतो असे नाही, तोच पदार्थ पुढचे काही दिवस थोडा थोडा पुढे करत राहावे, आणि बाळाने मान फिरवली की मात्र थांबावे, हे मला तीन मुले वाढवलेल्या शेजारणीने शिकवले. तिचे हे ज्ञान सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत सहसा बसत नाही. तिथे वरचे अन्न सुरू करण्याचा महिना अचूक सांगणारी आई ‘जाणकार’ ठरते. (मीही ठरले असते.)

म्हणून विनंती अशी की, समुपदेशनात तक्त्याच्या जोडीला वाटी आणि चमचा यावा. घरी शिजलेले अन्न आईने सोबत आणावे आणि ते चमच्यावर ठरते की नाही, हे अंगणवाडी सेविकेने तिच्यासमोरच पाहावे. दिवसभर आई कामावर असेल तर बाळाला प्रत्यक्ष भरवणाऱ्या आजीला किंवा वडिलांनाही बोलवावे, कारण आईला कितीही ठाऊक असले तरी दुपारचा चमचा त्यांच्याच हातात असतो. आणि नोंदवहीत ‘सुरू केले का’ या रकान्याशेजारी ‘किती दाट, किती वेळा, काय काय’ एवढ्यासाठी जागा करावी.

आपली विश्वासू,
एक आई