तुझ्या तक्त्यात न बसलेली जीप

अहिल्यानगर,
रविवार सकाळ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटातला घडी घातलेला तक्ता आधी उघडला आणि पत्र त्यानंतर वाचलं, रागावू नकोस. चौदा रणगाडे, नऊ टँक डिस्ट्रॉयर, म्हणजे रणगाडे मारायच्या गाड्या. प्रत्येकापुढे तोफेचा व्यास, चिलखताची जाडी, वेग, आणि शेवटच्या रकान्यात ‘किती मारले’. आठवीत भूगोलाच्या वहीमागे आपण असेच तक्ते करायचो, आणि तुझं अक्षर अजूनही तसंच टपोरं आहे. खाली तुझा निकाल: जर्मन डिस्ट्रॉयर यागटपँथर पहिला, जर्मन रणगाडा टायगर दुसरा, अमेरिकन शर्मन थेट अकरावा. आणि दोन शब्दांचा प्रश्न, “पटतंय का?”

नाही पटत. का नाही, ते सांगायला हे लांबलचक पत्र.

काल मुद्दाम कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन आलो. १९९४ साली ते उघडलं तेव्हापासून आपण किती वेळा गेलोय, पण या वेळी तुझा तक्ता खिशात होता. पॅटन रणगाड्याच्या कुशीला उभा राहिलो आणि वर पाहिलं. केवढं उंच धूड आहे ते! मग तिथेच गवतावर गुडघे टेकून बसलो आणि १९६५च्या युद्धात उसाच्या फडात बसलेल्या माणसाला हे कसं दिसलं असेल याचा विचार करत राहिलो. तुझ्या तक्त्यात उंचीचा रकानाच नाही, सुहास. जर्मनांची श्टुग-३ जेमतेम सव्वादोन मीटर उंच होती आणि टायगर तीन मीटर. दोघे एकाच बांधाआड उभे राहिले तर एक दिसतो आणि दुसरा दिसत नाही.

श्टुगला तू सहावं स्थान दिलंस. मी तिला कितीतरी वर घेईन. मुळात ती रणगाडे मारायला केलेलीच नव्हती. पायदळाबरोबर पुढे जाऊन बंकर फोडणारी एक चिलखती तोफ हवी, असं जर्मन सेनाधिकारी मान्श्टाइनने १९३५ साली सुचवलं, त्यातून ती आली. म्हणून ती तोफखान्याची, पँझरवाल्यांची, म्हणजे रणगाडा दलाची नाही. आखूड नळीची ७५ मिलिमीटर तोफ होती. रशियात टी-३४ रणगाडे समोर आल्यावर १९४२ साली तिला लांब नळी बसवली आणि तीच गाडी शिकारी झाली. वर फिरणारा बुरूज नाही, त्यामुळे बांधायला स्वस्त आणि सोपी. दहा हजारांच्या वर बनल्या. टायगर सगळे मिळून साधारण साडेतेराशे. लढाईच्या दिवशी जी गाडी तिथे हजरच नाही, तिचं चिलखत किती इंच आहे याला काय अर्थ?

अर्थात बुरूज नसण्याची किंमत होतीच. कुशीकडून कोणी आलं तर अख्खी गाडी साखळ्यांवर वळवावी लागते, आणि वळेपर्यंत खेळ संपलेला असतो. दबा धरून बसायला ती उत्तम, चालून जायला अडचणीची. फर्डिनांड या जर्मन डिस्ट्रॉयरचं तर विचारूच नकोस. ६५ टन वजन, समोर २०० मिलिमीटर पोलाद, ८८ची भयंकर तोफ, आणि रशियात कुर्स्कला जुलै १९४३मध्ये ती चढाईला पुढे घातली. गाडीवर मशीनगनसुद्धा नव्हती. सुरुंगांनी साखळ्या तुटल्या आणि पोन्यिरीच्या आसपास कितीतरी तिथेच टाकून द्याव्या लागल्या. तोफ तीच, पोलाद तेच, फक्त काम चुकीचं दिलं.

अमेरिकन लोकांची गोष्ट मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते. तू एम-१०, हेलकॅट आणि एम-३६ या तिघींना ‘पातळ चिलखत’ म्हणून तळाला ढकललंस. पण त्या तशा का केल्या ते बघ. १९४० साली जर्मन पँझर फ्रान्समध्ये घुसल्याचा धसका सगळ्यांनीच घेतला होता. जनरल मॅकनेअर यांचं म्हणणं असं पडलं की रणगाड्याला थोपवणं हे तोफेचं काम, आपल्या रणगाड्यांनी त्यात अडकू नये. मग टेक्सासात कॅम्प हूडला टँक डिस्ट्रॉयरचं वेगळं दलच उभं राहिलं. त्यांचं ब्रीद होतं, शोधा, घाव घाला, नष्ट करा. कल्पना अशी की या गाड्या मागे राखीव ठेवायच्या. शत्रूचे रणगाडे झुंडीने फळी फोडून आत आले की धावत जायचं, आडोशाला बसायचं, मारायचं आणि जागा बदलायची. म्हणून हेलकॅटला ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर वेग आणि अंगावर जेमतेम अर्धा इंच पोलाद. बुरुजाला वरून छप्परही नाही, कारण चौफेर दिसलं पाहिजे.

कल्पना वेडी नव्हती. मार्च १९४३मध्ये ट्युनिशियात एल गेतारला दहावी पँझर डिव्हिजन खरोखरच तशी चालून आली. समोर होत्या अर्ध्या चाकांच्या, अर्ध्या साखळीच्या गाड्या, आणि त्यांवर १८९७च्या फ्रेंच आराखड्याच्या ७५च्या तोफा. त्यांनी आणि सोबतच्या काही एम-१०नी मिळून सुमारे तीस रणगाडे मोडले, चढाई थांबली. पण स्वतःच्या पंचविसाहून अधिक गाड्या गेल्या. तुझ्या शेवटच्या रकान्याच्या हिशेबाने ही बरोबरी. मी मात्र याला विजय म्हणतो, कारण जर्मनांना खिंडीतून पुढे जायचं होतं आणि ते गेले नाहीत.

पुढे मात्र ज्या शत्रूसाठी ही सगळी तयारी केली तो झुंडीने येईनासा झाला. १९४४मध्ये जर्मन बहुतेक वेळ बचावातच होते. राखीव बसून राहणाऱ्या डिस्ट्रॉयर तुकड्या मग पायदळाला वाटून दिल्या. त्या बंकर फोडू लागल्या, लांबवर गोळे टाकू लागल्या, रणगाड्याचं काम करू लागल्या. उघड्या बुरुजातल्या पोरांवर झाडांत फुटणाऱ्या गोळ्यांचे तुकडे आणि वरच्या मजल्यावरून हातबॉम्ब पडायचे. महायुद्ध संपलं आणि ते दलच बरखास्त झालं. मोठी तोफ रणगाड्यालाच बसवा, वेगळा शिकारी कशाला, असं ठरलं.

तरी त्यातलाच एक दिवस मला सोडवत नाही. १९ सप्टेंबर १९४४, फ्रान्सच्या लॉरेनमधलं आराकूर. पहाटे दाट धुकं. जर्मनांचे कोरे करकरीत पँथर रणगाडे पुढे सरकत होते. पँथरची तोफ लांबून शर्मनला सहज फोडते, तुझा तक्ता तिथपर्यंत अगदी बरोबर आहे. पण धुक्यात लांबचं दिसायलाच तयार नाही. चार हेलकॅटची एक प्लॅटून धावत एका चढाजवळ पोहोचली आणि अगदी जवळून पँथर टिपू लागली. काही हेलकॅटही गेल्या. त्याच दिवशी चौथ्या आर्मर्ड डिव्हिजनच्या शर्मननीही हेच केलं. टेकाडाकडची शर्यत त्यांनी थोडक्यात जिंकली आणि खालून जाणाऱ्या पँथरच्या कुशीत गोळे मारले. एक पातळ डिस्ट्रॉयर, एक तुझा अकराव्या नंबरचा रणगाडा, आणि दोघांनी काम एकच केलं.

अमेरिकन लष्कराच्या अॅबरडीनच्या प्रयोगशाळेने १९५४ साली याच चौथ्या आणि शिवाय तिसऱ्या आर्मर्ड डिव्हिजनच्या महायुद्धातल्या चकमकींचा हिशेब मांडला. त्यातून वर आलेली सगळ्यात वजनदार गोष्ट कुठली? तोफेचा व्यास नाही, पोलादाची जाडीही नाही. आधी कोणाला दिसलं आणि आधी कोणी गोळा सोडला, ही. बचावात थांबलेल्याला ही संधी मिळते, चालून येणाऱ्याला बहुधा मिळत नाही. हे वाचल्यापासून मी कुठलाही तक्ता बघितला की पहिला प्रश्न विचारतो, कोण थांबला होता आणि कोण हलत होता?

तुझा लाडका यागटपँथर घे. ३० जुलै १९४४, नॉर्मंडीतलं ले लोज. तिघा यागटपँथरनी काही मिनिटांत ब्रिटिश स्कॉट्स गार्ड्सचे अकरा चर्चिल रणगाडे मोडले. थरारकच आहे. पण नऊच दिवसांनी नॉर्मंडीतच, सेंट एन्यानच्या बागांमध्ये काही ब्रिटिश शर्मन थांबले होते. एकाला जास्त ताकदीची सतरा पौंडी तोफ होती आणि तिच्यामागे जो एकिन्स नावाचा गनर. समोरच्या मोकळ्या शेतातून टायगर चालत आले. बारा मिनिटांत तीन टायगर संपले. तिथे शिकारी शर्मन होता आणि सावज टायगर. दोन्ही घटना एकाच तराजूत घाल आणि मग सांग, पहिला नंबर कुणाचा.

आता काकांच्या गोष्टीकडे येतो, कारण खरं तर मला तिथेच यायचं होतं.

आराकूरची ती चौथी डिव्हिजन जनरल पॅटन यांच्या सैन्यातली. अमेरिकेने डिस्ट्रॉयरची कल्पना सोडून सगळी ताकद एकाच रणगाड्यात घातली, आणि त्या घराण्याला नाव दिलं पॅटन. तोफ ९० मिलिमीटर, म्हणजे एम-३६ या डिस्ट्रॉयरच्याच व्यासाची. हाच पॅटन सप्टेंबर १९६५मध्ये पाकिस्तानी सैन्याबरोबर पंजाबात खेमकरणहून असल उत्तरकडे आला. कागदावर आपल्याकडच्या कशाहीपेक्षा सरस. आपल्याकडे थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, एट्थ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-१३ आणि डेक्कन हॉर्सचे शर्मन. होय, शर्मन, वीस वर्षांपूर्वीच्या महायुद्धातले. ते सगळे घोड्याच्या नालेच्या आकारात, उभ्या उसात थांबवले होते. शेतांत पाणी सोडलं होतं. पॅटन त्या नालेच्या पोटात शिरले, चिखलात रुतले, आणि त्यांच्या कुशी उघड्या पडल्या.

आणि तिथेच चीमा गावाजवळ फोर ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद जीपवरची १०६ची रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणारी तोफ घेऊन होते. सुहास, तुझ्या तक्त्यात ही जीप नाही. चिलखत शून्य. गोळा सुटला की मागे धुळीचा एवढा लोट उठतो की जागा लगेच कळते, म्हणून मारायचं आणि हलायचं. शोधा, घाव घाला, नष्ट करा. कॅम्प हूडने ज्यासाठी हजारो गाड्या बांधल्या ते काम एका जीपने आणि एका माणसाने केलं, एकामागून एक रणगाडे टिपले. १० सप्टेंबरला एका पॅटनशी समोरासमोर गाठ पडली आणि ते गेले. परमवीरचक्र मिळालं. मला हे लिहिताना अजूनही थांबावं लागतं.

आपल्या नोंदींप्रमाणे त्या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे गेले. भिखीविंडजवळ ते ओळीने उभे केले तेव्हा त्या जागेला पॅटननगरच म्हणू लागले. काका तेव्हा ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती दलात होते. चिखलातून ते रणगाडे ओढून काढायच्या कामावर. तुझ्या ओसरीवर त्यांनी एकदा सांगितलेलं मला लख्ख आठवतं. त्यांनी ओढलेल्या कितीतरी गाड्यांची भोकं कुशीत होती, आणि काहींना तर भोकच नव्हतं. नुसत्या रुतलेल्या, झाकणं उघडी टाकून माणसं निघून गेलेली. ते ‘मारलेले’ कोणाच्या नावावर लिहायचे? तोफेच्या, उसाच्या की पाण्याच्या?

पण एक गोष्ट तुझ्या बाजूने. थांबून राहणाऱ्याने कधी मुलूख घेतला नाही. त्याच आठवड्यात सियालकोटकडे फिल्लोऱ्याला पूना हॉर्सचे सेंच्युरियन चालून गेले. लेफ्टनंट कर्नल तारापोर, मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले. ११ सप्टेंबरला जखमी झाले आणि मागे जायला नकार दिला. १६ तारखेला बुतुर डोग्रांदीला पडेपर्यंत रेजिमेंटच्या पुढे होते. त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात रेजिमेंटने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे मोडले आणि आपले नऊ गमावले असं नोंदलं आहे. हे जीपने झालं नसतं, श्टुगनेही नाही. गोळे अंगावर घेत पुढे जायला चिलखत हवं आणि वळणारा बुरूज हवा. आणि तरीही तिकडचं चाविंडा आपल्याला मिळालं नाही, कारण तिथे थांबलेले ते होते आणि चालून जाणारे आपण.

म्हणून माझा निकाल असा आहे. रणगाडे थोपवायचे असतील तर मी श्टुग घेईन, आणि जीपसुद्धा. गाव घ्यायचं असेल तर साधा, भरपूर संख्येतला, दुरुस्त होणारा रणगाडा, म्हणजे तुझा अकरावा. आणि तो शेवटचा रकाना मी खोडेन.

इकडे सगळं ठीक. के. के. रेंजवर सराव चालू झाला की आईच्या खोलीच्या काचा अजून तशाच थरथरतात. पॅटनचं मॉडेल अर्ध्यावर आलंय. मला तो असल उत्तरच्या चिखलातलाच करायचा आहे, पण एक अडलंय. काकांना माझा नमस्कार सांग आणि विचार, कुशीतली ती भोकं साखळीच्या वरच्या पत्र्यात होती की खाली चाकांच्या मध्ये? त्यांना आठवेल तसं, हाताने चित्र काढून दिलं तरी चालेल. उत्तर येईपर्यंत रंग लावत नाही.

तुझाच,
मिलिंद