पेशींना रविवार कळत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या आर्ट गॅलरीत २०२५ साली लागलेल्या मेंदूपेशींच्या संगीतावर तुमच्या पुरवणीत लेख आला, त्यात अल्विन लूसियर हा संगीतकार मरणानंतर परत आला असा सूर होता, तो मला अजिबात पटला नाही. पुण्यातल्या एका लॅबमध्ये मी अकरा वर्षं पेशी वाढवायचं काम केलंय, म्हणून लिहितेय.

लूसियरने २०२० मध्ये स्वतःच्या मर्जीने रक्त दिलं, २०२१ च्या डिसेंबरात तो गेला. त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपासून गाय बेन-आरी हा कलाकार आणि त्याच्या टीमने स्टेमसेल, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा पेशी, तयार केल्या (यामानाका या जपानी शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशींवर करून दाखवलं तेच तंत्र) आणि पुढे त्यातून मेंदूच्या पेशींचे बारीक गोळे वाढवले. त्या गोळ्यांचे विजेचे सिग्नल २० पितळी पत्र्यांवर हातोड्या मारतात आणि हॉलमधला आवाज माइकमधून परत गोळ्यांकडे जातो. पण रक्तातून आठवणी येत नाहीत हो, त्या गोळ्यांना लूसियरची एकही रचना माहीत नाही! तरी मला हे काम फार मोठं वाटतं, कारण जिवंत पेशी म्हणजे काय ते लोकांना समोर उभं राहून बघायला मिळतं.

पेशींना रविवार कळत नाही. मीडिया म्हणजे त्यांचं खाणं, लालसर गुलाबी रंगाचं, ते पिवळं पडायला लागलं की समजायचं आता बदलायला हवं, मग दिवाळी असो नाहीतर घरी पाहुणे असोत, आणि एवढं करून एका रात्रीत फंगस लागली तर महिन्याचं काम सरळ ब्लीचमध्ये. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये ओरॉन कॅट्स आणि इयोनाट झुर या कलाकारांनी उंदराच्या पेशींचा बोटभर जिवंत कोट ठेवला होता, तो इतका वाढला की बाही सुटायला लागली, नळ्या तुंबल्या, शेवटी क्युरेटरबाईंना त्याचं खाणं बंद करावं लागलं आणि तो निर्णय त्यांना खूप जड गेला. मला ते लगेच समजलं. स्टेलार्क नावाच्या कलाकारानेही स्वतःच्या हातावर कान बनवून घेतला, त्यात माइक बसवला, पण इन्फेक्शन झालं आणि माइक काढावा लागला.

आता आपल्याकडे बघा. माझ्या भावाच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. एका क्लिनिकने चकचकीत ब्रोशर दाखवून भावाकडून दोन लाख ऐंशी हजार घेतले, स्टेमसेलची तीन इंजेक्शनं दिली, पोराला काडीचा फरक नाही, आणि वर चौथं घ्या म्हणून फोन! आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन्स स्पष्ट आहेत, रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेमसेलचे बाकी सगळे उपचार फक्त ट्रायल म्हणून करायचे आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. भावाला हे कोणी सांगितलंच नाही, मलाही त्याने आधी विचारलं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्याच ब्रोशरच्या मागच्या पानावर तरुण त्वचा, पहिल्यासारखी ताकद वगैरे, म्हणजे आजारी नसलेल्यांनाही गिऱ्हाईक करायची तयारी. पेशी कुठून आल्या, कोणी वाढवल्या, मेल्या तर काय, यावर एक ओळ नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की असं प्रदर्शन आपल्याकडे व्हायला पाहिजे. वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे, मुंबईतच जेजे कला महाविद्यालय आहे, पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिघांनी मिळून एक इन्क्युबेटर (पेशी वाढवायची उबदार पेटी) काचेमागे ठेवला आणि शेजारी मराठीत नीट लिहिलं तरी चालेल. तुमच्या पेपरने हा विषय लावून धरावा ही विनंती. भावाला मी पहिल्याच दिवशी घेऊन जाईन, आणि मीडिया बदलायला माणूस लागला तर मी यायला तयार आहे, रविवारीसुद्धा.

आपली,
एक वाचक, पुणे