लोहामंडीत भेटलेल्या काकांना

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता, आणि समोर येऊन मानायला लागले की हातात कानस देता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. आपल्या इंदूरमध्ये तुमच्यासारखा माणूस आहे हे इतरांनाही कळलं पाहिजे.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हत्यारांची पत्र्याची पेटी तुम्ही पाहिली आहे. मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याण, राजकुमार, भंडारी अशा मिलांच्या भोंग्यांवर परदेशीपुऱ्यातली घरं उठायची आणि जेवायची, त्या काळातले अण्णा फिटर. मिल बंद झाल्यावर ती पेटी पलंगाखाली गेली ती गेलीच. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बाहेर यायची. अण्णा एकेक पाना पुसायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूचं फूल ठेवायचे आणि पेटी परत आत. ते गेल्यावर भाऊ म्हणाला, किलोवर देऊन टाकू. त्याचं चुकलं असं नाही, दोन खोल्यांच्या घरात वीसेक किलो लोखंड कुठे ठेवायचं? पण माझा जीव होईना. त्यातून दिवा करावा, खुंट्या कराव्यात, म्हणजे त्या वस्तू डोळ्यांसमोर राहतील, असं डोक्यात घेतलं.

पहिला प्रयत्न कसा फसला ते तुम्हाला माहीत आहे, पण इथे लिहिते, कारण हीच चूक पुष्कळजण करत असतील. पेटीतलं सगळ्यात मोठं दातेरी चाक मी एका वेल्डिंगच्या दुकानात नेलं आणि त्यावर पाइप उभा जोडून घेतला. दहा मिनिटांत काम झालं. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात "टक्" असा आवाज आला. मला वाटलं काचेचा ग्लास तडकला. सकाळी बघते तर पाइप आडवा पडलेला आणि चाकाच्या एका आऱ्यात केसाएवढी चीर. अण्णांनी इतकी वर्षं जपलेली वस्तू मी एका दिवसात मोडली, या विचाराने त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तसलंच दुसरं चाक मिळतं का हे बघायला मी लोहामंडीत आले होते. तुम्ही शेजारच्या ढिगातून बेअरिंगं निवडत होता. माझ्या पिशवीतलं चाक बघून तुम्ही काही विचारलं नाही. दुकानदाराचा ग्राइंडर मागून घेतलात आणि चाकाची कड क्षणभर टेकवलीत. आखूड, लालसर ठिणग्या उडाल्या आणि दगडाजवळच विझल्या. मग तिथलीच एक सळी टेकवलीत. तिच्या ठिणग्या लांब, पिवळट पांढऱ्या, हातभर गेल्या. "बघितलंस बेटा? सळी पोलादाची. हे बीड आहे, ओतीव लोखंड. बिडाला असं वेल्डिंग नाही सोसत."

पुढचं तुम्ही तिथेच, भंगाराच्या काट्याशेजारी उभ्या उभ्या समजावलंत. साध्या पोलादात कार्बन पाव टक्क्याच्या आत, बिडात साधारण २ ते ४ टक्के. म्हणून बीड कडक, पण ताणलं जात नाही. एकाच जागी तापवलं की ती जागा निवताना आकसते, आजूबाजूचं बीड तिला साथ देत नाही, आणि तडा जातो. आयटीआयमध्ये तुम्ही किती वर्षं शिकवलंत मला ठाऊक नाही, पण तुमच्या मुलांचा हेवा वाटला.

मला वाटलं होतं चाक आता वाया गेलं. तुम्ही घरी बोलावलंत. चीर जिथे संपत होती, बरोबर त्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलंत, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग म्हणालात, "ह्याला मधोमध भोक आहेच की. वेल्डिंग कशाला हवं?" पाइपाला आटे पाडले, चाकाच्या भोकातून घातला, वरखाली वायसर टाकून नट कसले. झालं! हा दिवा आज माझ्या बैठकीत आहे, आणि उद्या हवं तर चाक जसंच्या तसं सुटं करता येईल.

त्याच पाइपावरून तुम्ही मला रागावलाही होता. मी चकचकीत जीआय पाइप घेऊन आले होते. त्यावरचे बर्फाच्या नक्षीसारखे ठिपके दाखवून तुम्ही सांगितलंत की हा जस्ताचा मुलामा. तो वेल्डिंगमध्ये जळाला की पांढरा धूर निघतो, आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आम्हाला नुसते आटे पाडायचे होते, तरी तुम्ही बिनमुलाम्याचा काळा पाइपच आणायला लावलात, कारण उरलेला तुकडा मी पुढे कुठेतरी वेल्ड करून घेईन अशी तुम्हाला भीती. दिव्याच्या वायरीचंही तसंच. धातूचा दिवा म्हणजे तीन तारांची वायर आणि अर्थिंग हवंच, पाइपाच्या तोंडाशी रबराची चकती हवी, नाहीतर कडेने वायर कापली जाते. तुम्ही हे करून घेतल्याशिवाय प्लग लावू दिला नाहीत.

आता पान्यांबद्दल. हे लिहिण्यासाठीच खरं तर पत्राला बसले.

सहा पाने खुंट्यांसाठी काढले होते. मला ते लखलखीत हवे होते. ग्राइंडरला घासायची चकती लावली, चष्मा घातला, पहिला पाना चिमट्यात धरला. तुम्ही भिंतीवरचं बटण बंद केलंत. मला वाटलं लाइट गेली. तुम्ही पाना घेतलात, अंगठ्याने दांड्यावरून फिरवलात, मग उजेडात तिरका धरलात. गंजाखाली पंचाने ठोकलेले तीन आकडे होते, ४१७, सात जरासा कलंडलेला. "हा नंबर कोणाचा?" तुम्ही विचारलंत. अण्णांचा मिलचा बिल्ला नंबर होता तो. लहानपणी पगाराच्या कागदावर कितीदा वाचला होता, आणि पन्नास वेळा तो पाना हातात घेऊनही मला दिसला नव्हता. ती चकती दोन सेकंदांत आकडे पुसून गेली असती.

मग तुम्ही मला गंज कसा काढायचा ते शिकवलंत. पाने एक दिवस सिरक्यात बुडवून ठेवायचे, पितळी ब्रशने हलक्या हाताने घासायचे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचे आणि लगेच कोरडे करून तव्यावर शेकायचे. पाच मिनिटं ओले राहिले तरी नवा तांबूस गंज चढतो, तो मी एकदा चढवून पाहिला. शेवटी अळशीच्या तेलाचा अगदी पातळ हात, वरचं जास्तीचं पुसून. आणि तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून टाकायच्या नाहीत, पसरून वाळवायच्या, कारण त्या आपोआप पेट घेऊ शकतात. हे मी आता शेजारणींनाही सांगते.

पाने चमकले नाहीत. काळपट तपकिरी झाले, कडेला जिथे अण्णांचा हात घासायचा तिथे जरा उजळ. बाजारात हल्ली नव्या लोखंडाला तपकिरी रंग फासून जुनं म्हणून विकतात. मला त्या वस्तू आवडत नाहीत, कारण त्यांना कोणी हात लावलेला नसतो. आमच्या दारामागे आता सहा खुंट्या आहेत. सहाही पान्यांवर ४१७ निघाला. भावाने पहिल्या दिवशी पिशवी अडकवली, मग ती काढून दुसरीकडे ठेवली आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. आता मात्र तो रोज अडकवतो, आणि मला तेच हवं होतं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. ड्रिलचं पातं माझ्यामुळे तुटलं, त्याचेही नाही. आईने केलेल्या पुरणपोळ्या तेवढ्या घेतल्यात, त्याही काकूंनी आग्रह केला म्हणून.

यंदा खंडेनवमीला पेटी बाहेर काढावी लागणार नाही. झेंडू दारामागेच वाहू. तुम्ही आणि काकू सकाळी या. तुमचं लोहचुंबक माझ्याकडेच राहिलंय, लोहामंडीत पितळ आणि लोखंड ओळखायला दिलं होतंत ते. तेव्हा परत देते. की अजून थोडे दिवस ठेवू?

तुमची,
४१७ची मुलगी